मिस्त्रींचा कच्चा टाका

गिअरबॉक्सचं फुटलेलं हाउसिंग घेऊन कुणी आलं की मिस्त्री आधी त्या हाउसिंगकडे बघत नसत. आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "कसं फुटलं ते खरं सांग," म्हणत, आणि खरं ऐकेपर्यंत गॅस पेटवत नसत. "आपोआप फुटलं" म्हणणाऱ्याला ते बाकावर बसवून ठेवत. बसून बसून कंटाळला की त्याला हळूहळू आठवू लागे. गाडी दगडावर आदळली होती, नाहीतर आत बेअरिंग फुटलं होतं आणि हा पठ्ठ्या तशीच दामटत राहिला होता. "मार बाहेरून बसला का आतून, हेच समजलं नाही तं टाका कोणीकडून मारू?" असं मिस्त्रींचं म्हणणं. टाका म्हणजे वेल्डिंग. त्यांनी तो दुसरा शब्द कधी वापरला नाही.

देऊळगाव राजात चिखली रस्त्याला माझं स्पेअर पार्टचं दुकान, आणि समोरच त्यांचं पत्र्याचं शेड. या माणसानं माझ्या धंद्याची पार वाट लावली. हाउसिंग म्हणजे गिअर ज्यात बसतात ती अॅल्युमिनियमची पेटी. ती फुटली की नवी घ्यावी, असं माझं साधं मत. पण गिऱ्हाईक माझ्याकडे भाव विचारायचं आणि रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जायचं. मी कुरकुरलो की म्हणत, "तू वीक ना बे नवीन. मी काय तुह्या दुकानाले कुलूप लावून राह्यलो?" आणि दुपारी माझ्याच गल्ल्याशेजारी बसून माझाच चहा पीत. मला तो माणूस फार आवडायचा.

त्यांचा खरा हट्ट असायचा टाका मारून झाल्यावर. ते गरम हाउसिंग अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये राखेत गाडून ठेवत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू देत नसत. ड्रायव्हर घायकुतीला येत, पाणी मारा म्हणत. "बाळंतिणीले कोणी त्याच दिवशी विहिरीवर धाडते काय? ते सावकाश गार झालं पायजे. घाई केली तं टाका शाबूत राह्यते आन् बाजूचं फुटते." एकदा एक गाडीमालक फारच अंगावर आला, तेव्हा मिस्त्री ड्रमवर फळी टाकून तिच्यावर बसून राहिले. मालक शिव्या देऊन दमला आणि एसटीनं घरी गेला.

त्यांचा एकुलता एक मुलगा संजू प्रवासी जीप चालवायचा. हसरा, उतावळा पोरगा. लग्न झालेलं, वैशाली पिंपळगाव राजाकडची, आणि पदरात एक लहान मूल. एकदा त्याच्याच जीपचं हाउसिंग फुटलं. रस्त्यातला दगड लागला होता; बापापुढे खोटं बोलायची त्याची टाप नव्हती. मिस्त्रींनी टाका मारला, राखेत गाडलं, "मी आल्यावरच काढजो" असं बजावलं आणि ते नात्यातल्या एकाच्या मातीला उंद्रीला गेले.

संजूला दुसऱ्या दिवशी साखरपुड्याची माणसं जालन्याला न्यायची होती. मिस्त्रींची पाठ वळली आणि त्यानं राखेतून ते हाउसिंग काढलं, त्यावर बादलीभर पाणी ओतलं. चर्र आवाज माझ्या गल्ल्यापर्यंत आला. मी ओरडलो, "अरे, काय करतोस?" तो हसून म्हणाला, "काका, बाबाले सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर ते हाउसिंग फाटलं, गिअर आत अडकले, मागची चाकं जाम झाली आणि जीप नाल्यात उलटली. संजू गेला. नवरीकडची एक म्हातारी गेली.

जीप पोलीस ठाण्याच्या आवारात आणून टाकली होती. मिस्त्री तिच्याखाली आडवे झाले आणि बराच वेळ चाचपत राहिले. त्यांचा टाका शाबूत होता. शेजारून फुटलं होतं. मी म्हणालो, "तुमचा दोष नाही, टाका तर धडधाकट आहे." त्यांनी अंगावरची माती झटकली नाही. "शेजारून फुटलं म्हणजे घाईनं गार झालं. तू समोर बसतो. कसं झालं ते खरं सांग."

मी सांगितलं. त्यांच्यापुढे दुसरं काही बोलता येणं शक्यच नव्हतं.

आम्ही त्यांच्या घरी आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, त्या म्हातारीचा मुलगाही होता. तो ओरडत होता की ड्रायव्हरनंच माझ्या आईला मारलं. वैशाली मूल घेऊन दारात बसलेली. मिस्त्री सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "त्याले काही बोलू नका. टाका माह्या हातचा व्हता. कच्चा राह्यला." त्या माणसानं त्यांची गचांडी धरली, थोबाडीत मारली. मिस्त्रींनी हात वर केला नाही. मी पुढे झालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरलो. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैशालीले कधी समजू देऊ नको. तिले याच गावात लेकरू वाढवाचं हाय. त्याच्या बापाच्या नावानं कोणी थुंकलं नाही पायजे." मी हो म्हणालो.

त्यानंतर कुणी त्यांच्याकडे हाउसिंग आणलं नाही. ते खाटांचे पाय आणि फाटकांच्या कड्या जोडत बसले. गिऱ्हाइकं पुन्हा माझ्याकडे आली, आणि नवा माल काढून देताना मला ऐकावं लागे, "त्या मिस्त्रीनं स्वतःच्या पोराले खाल्लं." असा संताप यायचा की समोरच्याचं डोकं फोडावं. पण मी शब्द दिला होता. घरात वैशाली "मामाजी, जेवा" म्हणून त्यांना दोन्ही वेळा ताट वाढायची, ते खाली मान घालून जेवायचे. लोक तिची कीव करायचे, की नवऱ्याला मारणाऱ्या सासऱ्याचं करते आहे.

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात गेले. मातीला मोजकीच माणसं होती, आणि त्यातलेही दोघे परत येताना तेच बोलत होते. माझ्यानं राहवेना. मी मिस्त्रींच्या घरी गेलो, वैशालीसमोर बसलो आणि बादलीपासून सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही.

"मले माहीत व्हतं, काका," ती नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली. "ह्यायनं त्याच राती जेवतानी सांगतलं व्हतं. बाबापाशी बोलू नको म्हनले."

"मग इतकी वर्षं तू त्यांना काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मले समजू नये, याच्यासाठीच तं मामाजी जगून राह्यले व्हते."