महालातली पुष्पांजली

पुष्पांजली आता हसत हसतच कबूल करते का पहिल्यांदा तिले वाटलं होतं, आपलं नशीबच उघडलं. "मले वाटलं, मी हिरोईन झाली वं बाई!" असं म्हणते अन् तोंडाले पदर लावून फिदीफिदी हसते.

झालं असं का दुपारची शिलाई मशीनीवर बसल्या बसल्या ती थे सस्तंवालं ॲप चाळून राह्यली होती. आपण साऱ्याजणी चाळतो तसंच. घ्यायचं काही नाही, पण पाहाले काय जाते! बादल्या, चपला, कानातले, भजे तळायचा झारा, अन् मधातच आपण स्वतः. हाव, स्वतः! नऊवारी घालून, नाकात नथ, मान जराशी वाकडी. मांगं भलामोठा महाल, महालासमोर कारंजं. आता उंद्रीसारख्या खेड्यात महाल आला कुठून? थो फोटो तं तिच्या नवऱ्यानं, गोपालनं, शेजारच्या भाऊरावच्या गोठ्यापाशी काढला होता, अन् तिनं गिऱ्हाइकासाठी इंटरनेटवर टाकला होता. कोणीतरी गोठा कापून फेकला अन् तिथं महाल चिकटवला. कोपराजवळ भाऊरावच्या बकरीचा एक कान तेवढा राहून गेला. कापणाऱ्याले वाटलं असन, पदराचाच काठ हाय.

दुसरी कोणी असती तं दचकली असती. आपल्या बाईनं दुधाचा चहा टाकला! अन् फोन घेऊन साऱ्या गल्लीत फिरली. "कंपनीले माया फोटो आवडला. आता पाहा, ऑर्डरीवर ऑर्डरी!" स्टेटसले ठेवला, वरून लाल अक्षरात लिहिलं, 'आपल्या उंद्रीची नऊवारी आता मोबाईलवर.'

गोपाल बिचारा म्हणाला बी, "अवं, पण तुले कोणी विचारलं का?"

"चांगल्या कामाले विचारत बसतेत का कोणी?"

तिथंच फसली. आपल्याच हातानं दार ओढून घेतलं, अन् कडी राह्यली बाहेरून.

पुष्पांजली म्हणजे उंद्रीतली लेडीज टेलर. गोपालची ॲपे रिक्षा चालली तं चालली, पण घर चालते थे मशीनीवर. ब्लाऊज, फॉल-पिको सारंच करते, पण तिचं नाव झालं शिवलेल्या नऊवारीनं. आजकालच्या पोरीले नऊवारी नेसता येत नाही, अन् नेसवून देणाऱ्या बुढ्यांच्या कंबरा राह्यल्या नाहीत. म्हणून शिवलेली बरी. पायजम्यासारखी चढवली, नाडी ओढली, नवरी तयार. अन् पुष्पांजलीच्या नऊवारीले एक गोष्ट असते जे चिखलीच्या टेलरकडंही भेटत नाही. उजव्या बाजूले, निऱ्यांच्या आड, खिसा. चांगला खोल. मोबाईल जाते, चाव्या जातात, आहेराची पाकिटं जातात, अन् बाहेरून काही दिसत नाही.

तिच्या सासूले, म्हणजे आशाबाईले, थो खिसा डोळ्यासमोर नको.

"लुगड्याले खिसा! उद्या म्हणशीन कॉलर लावते. बाईच्या जातीले कंबरेचा बटवा कायले असते मंग?"

"बटव्यात मोबाईल बसते का आत्याबाई?"

"मोबाईल चोळीत ठेवा."

"म्हणून तं तुमचा फोन वाजला का सारी गल्ली तुमच्या छातीकडं पाहाते."

हे भांडण त्या घरात चहासारखं. सकाळी एकदा, चार वाजता एकदा. त्या फोटोतही पुष्पांजलीनं उजवा हात मुद्दाम मनगटापर्यंत खिशात घातला होता, गिऱ्हाइकाले दिसावं म्हणून. पाहाणाऱ्याले मात्र वाटे, बाई कंबरेवर हात ठेवून उभी हाय.

आता थ्या ॲपची अब्रू काय हाय, थे उंद्रीतल्या लेकराले बी ठाऊक. कोणाले एका पायाची चप्पल आली. कोणी कुकर मागवला, तं भातुकलीतला निघाला. शिव्या साऱ्याच देतात अन् मागवतात बी साऱ्याच. पण या वेळेस बाया फसल्या त्या ॲपवर भरोसा ठेवून नाही, पुष्पांजलीवर ठेवून. आपल्या पुष्पीनं घातलं म्हणजे चांगलंच असन!

साऱ्यात पुढं जनकाबाई. जनकाबाईची लेक मयुरी उजवायची होती, अन् हळदीले साऱ्या जावा-नणदांनी एकसारख्या पिवळ्या नऊवाऱ्या घालायच्या असं ठरलं होतं. पुष्पांजलीकडं बोलणं बी झालं होतं. तेवढ्यात बाईनं ॲपवर भाव पाह्यला, तं शिलाईपेक्षा बी कमी. जनकाबाईच्या मनात आलं, पाहा कशी हाय, परक्याले सस्त्यात देते अन् घरच्याले लुटते! मागवल्या साऱ्या तिथूनच.

अन् आल्या. पिवळ्या म्हणाव्या तं पिवळ्या नाहीत, कावीळ झाल्यासारख्या. कापड असं का मच्छरदाणी बरी. काठ छापलेला, नाडीच्या जागी इलास्टिक, अन् निऱ्या म्हणजे कापड गोळा करून चार टाके हाणलेले. जनकाबाईनं सारा ढीग आणून पुष्पांजलीच्या मशीनीवर आदळला.

"घे. बदलून दे."

"काकू, हे माया हातचं नाही."

जनकाबाईनं मोबाईल तिच्या नाकाले लावला. "मंग हे थोबाड कोणाचं हाय?"

"थोबाड मायंच हाय. पण माल..."

"थोबाड तुयं, अन् माल माया आजीचा?"

"काकू, देवाशपथ, मले यातलं काही माहीत नाही."

"स्टेटस कोणं ठेवलं होतं?"

दारात जमलेल्या बाया एकमेकीकडं पाहू लागल्या. जनकाबाई जाता जाता बोलली, "हळद पुढच्या हप्त्यात हाय. बदलून नाही देल्लं, तं उंद्रीत तुयाकडं फॉल लावाले बी कोणी येणार नाही."

अन् जनकाबाईचं बोलणं म्हणजे काही फुकटचं नाही. साऱ्या बाया तिच्या मांगं. फुकटात शिवून द्यावं, तं थो कचरा आपलाच हाय असं कबूल केल्यासारखं होते. नाही द्यावं, तं मशीन बंद. इकडून कडी, तिकडूनही कडी.

रस्त्यापलीकडं गुलनाजचं मॅचिंग सेंटर. अस्तर, फॉल, धागे, बटणं, अन् साऱ्या गावाच्या मोबाईलचा दवाखाना तिथंच. गुलनाज म्हणाली, "रो मत. कंप्लेंट टाकू आपण."

टाकली. पलीकडून लगेच ॲपचं मशीन बोललं, 'नमस्कार! तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. आपण काय खरेदी केले?' आता हिनं खरेदी तं काहीच केलं नव्हतं. खाली पर्याय होते. माल फाटका आला. रंग वेगळा आला. माल आलाच नाही.

"वर जाय, वर जाय," पुष्पांजली म्हणे. "मीच त्यात अडकली, असं कुठी असन पाहा."

"नाही वं. माणसाचा ऑप्शनच नाही याच्यात."

"मंग आता?"

"आता एकच. पहले खरीदना पडेगा. मंगच बोलू देतेत."

म्हणजे काय गंमत पाहा. आपलाच फोटो पाहून, आपलीच नऊवारी, आपल्याच पैशानं मागवायची, कायले, तं हे आपलं नाही असं सांगाले! मागवली बाप्पा. आल्यावर गुलनाजनं दुकानातच पुष्पांजलीचा ताजा फोटो काढला, अन् दोघींनी मिळून लिहिलं, 'ॲपवरची बाई मीच हाय. पण हा माल मी शिवला नाही. कोणी घेऊ नका.' अन् तारा देल्ल्या एक. त्याच्याहून कमी देता येत नाहीत म्हणून एक.

दोन दिवस पुष्पांजली मोकळी मोकळी वाटली. मंग गुलनाजनं हाक मारली, तिचं तोंड उतरलेलं.

ॲपनं थो ताजा फोटो उचलून वर लावला होता, 'खरेदीदारांचे फोटो' म्हणून. मराठी वाचते कोण? कुठल्या कुठल्या गावच्या बायांनी खाली लिहिलं होतं, 'जैसी फोटो, वैसी ही लेडी. सेम टू सेम. मंगा लो.' खप वाढला म्हणून ॲपवरच्या दुकानदारानं आणखी रंग आणले. कापड तेच, फोटो तोच, नुसती नऊवारी रंगवलेली. आता महालात चार पुष्पांजल्या उभ्या होत्या. पिवळी, हिरवी, जांभळी अन् एक अशी गुलाबी का पाहावत नाही. चौघींच्या कोपराले बकरीचा कान.

त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

बाहेर निघणं नकोसं झालं तिले. नळावर गेली का बाया गप होत. चिखलीले कापड आणायले गेली, तं बसस्टँडवर एक अनोळखी बाई थांबली, निरखून पाह्यलं अन् म्हणाली, "ताई, तुमची नऊवारी एका धुण्यात गेली बरं." पुष्पांजलीनं कापड न घेताच घर गाठलं. नवीन काम इंटरनेटवर टाकायची तिले भीती वाटे. टाकलं तं थे बी उचलतीन, नाही टाकलं तं कोणाले कळणार का आपण अजून शिवतो? घरातला आरसा तिनं उलटा करून ठेवला. गोपाल म्हणाला, "ॲपच काढून टाक ना फोनातून." पण आपल्या फोनातून काढून काय होते? ती बाई तं साऱ्या जगाच्या फोनात उभी. मान वाकडी करून, दात दाखवत, जेवण नाही, झोप नाही. महाल एवढा मोठा, पण त्याले बाहेर यायले दार काही दिसत नव्हतं.

मागवलेली नऊवारी मशीनीखाली पडून होती. एक दिवस आशाबाईनं ती ओढली. "याचं मसोतं करते. चुलीपाशी तरी कामात येईन." कात्री घेऊन बसली, अन् आदतीप्रमाणं पहिले हात घातला उजव्या बाजूले, थो मेला खिसा उसवून काढाले. चाचपलं. उलटं केलं. पुन्हा चाचपलं.

"काऊन वं, खिसा कुठी हाय?"

"कोणता खिसा?" पुष्पांजलीचं मन नव्हतं.

"तुया थो नकटा खिसा! नाही याले."

पुष्पांजलीनं मान वर केली. मोबाईल उघडला. महाल, कारंजं, बकरीचा कान, अन् मनगटापर्यंत आत गेलेला आपला उजवा हात. पाहातच राह्यली.

"आत्याबाई, पातळ बदला. आपल्याले जनकाबाईकडं जायचं हाय."

जनकाबाईच्या ओसरीत लग्नाचे गहू निवडणं चालू होतं. साऱ्या जावा-नणदा बसलेल्या. पुष्पांजलीले पाहून जनकाबाई म्हणाली, "आणल्या का बदलून?"

"नाही काकू. एक विचारायले आली. मागच्या महालक्ष्मीले तुमी मायाकडची नऊवारी घातली होती. कपाटाच्या चाव्या कुठी ठेवल्या होत्या?"

"खिशात. का?"

"आत्ता इथं ॲपवाली एक आणा. अन् ठेवा चाव्या खिशात."

जनकाबाईनं नाक मुरडलं, पण आणली. घरातल्या पातळावरूनच चढवली, अन् चाव्यांचा जुडगा उजव्या बाजूले सरकवला. जुडगा निऱ्यातून खाली सरकला अन् खण्णकन् फरशीवर पडला. एक जाऊ फिस्सकन् हसली.

"आता हे पाहा," पुष्पांजलीनं फोटो बोटानं मोठा केला. "माया हात कुठी हाय?"

बायांची डोकी जमली. "कंबरेवर... नाही वं, आत गेला हाय. मनगटच दिसत नाही!"

"हाय ना खिसा? फोटोतली नऊवारी मायी. तुमच्या अंगावरची मायी नाही. माया फोटो चोरला लोकायनं. मीच बयताड, मले वाटलं कौतुक करून राह्यले."

जनकाबाई अजून घुटमळत होती. "पण आता सस्त्यात दिल्यावर खिसा लावला नसन, कोण सांगते..."

इथं आशाबाई उभी राह्यली. कंबरेवर हात ठेवून, खरोखरच्या कंबरेवर. "जनके! माया सुनंची नऊवारी बिनखिशाची नसते! सांगू सांगू थकली मी. शिव्या देल्ल्या, जेवणावरून उठली, पण हिनं खिसा सोडला नाही. मायं ऐकून नाही सोडला, तं थ्या ॲपवाल्याचं ऐकन का?"

जनकाबाईनं चाव्या उचलल्या. मंग हळूच म्हणाली, "पुष्पे, हळदीपर्यंत होतीन का साऱ्या?"

"होतीन. पण तुमीच सांगायचं गावात, माल माया नव्हता म्हणून."

"सांगते ना. पण तू आता स्टेटस नको ठेवू बाई!"

पहिल्यांदा साऱ्या हसल्या, अन् पुष्पांजली बी.

घरी आल्या तं गुलनाज दारातच. "एक बुरी खबर हाय. दुसऱ्या ॲपवर बी आली तू. तिथं मांगं समुंदर हाय." पुष्पांजलीनं पाह्यलं. समुद्र, नारळाचं झाड, अन् कोपराजवळ तोच कान. उंद्रीत सुटली होती, बाकी जगात तशीच अडकलेली. तिनं फोन उलटा ठेवला, पिवळं कापड पसरलं अन् खडूनं पहिले उजव्या बाजूच्या खिशाची खूण केली.

आशाबाई पाहात होती. "एक डाव उपयोगात आला म्हणून एवढं मिरवू नको. खिसा वाईटच."

"चारचौघात त्याची बाजू कोणं घेतली?"

"थे घरच्या इज्जतीसाठी."

"म्हणजे घरची इज्जत खिशात होती."

"मी तसं म्हटलं नाही!"

"जनकाबाईले विचारू का? लावू फोन?"

आशाबाईनं दुसरीकडं पाह्यलं. तेवढ्यात तिच्या चोळीत तिचाच मोबाईल मोठ्यानं वाजला, अन् दारातली गुलनाज तोंड दाबून हसायले लागली. बुढीनं घाईघाईनं फोन ओढून काढला, अन् बंद करून हातात धरून राह्यली. आता ठेवायचा कुठं?

"मायासाठी," ती शेवटी पुटपुटली, "एखाद्या झंपराले लाव. लहानसा. डाव्या बाजूले."

"उजव्या."

"डाव्या म्हटलं ना!"

"खिसा उजव्याच बाजूले लागते, आत्याबाई. नाही तं चोळीत ठेवा."

आशाबाईनं फोन एकदा पाह्यला, एकदा सुनेले पाह्यलं.

"लाव मंग उजव्या," ती म्हणाली, अन् चहा टाकाले उठली.