डाव्या पायाचा नाडा

देवासच्या मोहित्यांच्या घरात घोडा पाळलेला माणूस आता कुणी उरला नाही, पण घोड्याचे सोपस्कार अजून चालू आहेत. मानसिंगरावांचे पणजोबा संस्थानच्या पागेवर होते. तेव्हापासूनची रीत अशी की दसऱ्याला जनावराच्या पुढच्या डाव्या पायाला लाल रेशमी नाडा बांधायचा. तो आपोआप गळेल तेव्हा गळेल, कुणी कापायचा नाही. पुढे घोडे गेले, सायकल आली, मग स्कूटर, मोटरसायकल आली आणि वाहनाचा डावा पाय कोणता, हा प्रश्न घरात उभा राहिला. मानसिंगरावांनी निकाल दिला की मोटरसायकलचा गियर डावीकडे असतो, तेव्हा तोच डावा पाय. अध्यक्ष तेच होते आणि वक्तेही तेच, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

मानसिंगरावांची सगळी नोकरी देवासच्या एका कारखान्यात गियर तपासण्यात गेली. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ते मिक्सरपासून शेजाऱ्यांच्या कूलरपर्यंत सगळ्यांची प्रकृती ऐकत. यंत्र उघडून पुन्हा जोडल्यावर एखादा स्क्रू उरलाच, तर तो "कंपनीने जास्तीचा दिलेला" असे. त्यांच्या पत्नी बकुळाबाईंनी असल्या जास्तीच्या स्क्रूंची बरणी भरून स्वयंपाकघरात दिसेल अशी ठेवली होती. कारण विचारलं तर म्हणत, "लोणचं मुरतंय."

नात वेदिका ही त्यांच्या डोळ्यांतलं काजळ. पोरीला मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायचा नाद, आणि तो लावला आजोबांनीच. तिचे वडील अभिषेक विमा कचेरीत होते. जगात काय काय मोडू शकतं याची त्यांना नोकरीमुळेच पुरेपूर कल्पना होती. त्यात दिवाळीनंतरच्या शर्यतीत वेदिका पडली. वळणावरून निघताना तिने दुसरा गियर टाकला, मुठीला पीळ दिला, आणि गियर सटकून गाडी न्यूट्रल.

"आबा, सेकंड टिकतच नाही," ती लंगडत सांगत आली. "डाला की बाहर. खाली घरघर करतं फक्त."

"धारची रेस शेवटची," अभिषेक म्हणाले. "तिथे पण असंच झालं तर गाडी घरात राहणार नाही. सांगून ठेवतो, आबासाहेब."

वेदिकाचा चेहरा एवढासा झाला. मानसिंगराव मात्र खुशीत आले. गियरबॉक्सचं दुखणं, आणि तेही घरचं! असा रुग्ण त्यांना नोकरीतही मिळाला नव्हता.

त्यांनी आधी तेल काढून बकुळाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. धातूचा कीस निघाला नाही. मग गाडी स्टँडवर घेतली, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, वेदिकाला गियर टाकायला सांगितलं. सगळे गियर सुतासारखे सरळ पडले. तरी त्यांनी इंजिन उघडलंच. दातांच्या कडा नखाने तपासल्या, गियर सरकवणारे काटे आरशावर ठेवून वाकलेत का ते पाहिलं, एक स्प्रिंग उगाचच बदलली. कुठे काही दोष नाही. आणि दर वेळी इंजिनाला हात घालण्याआधी ते गियरच्या दांडीवरच्या लाल नाड्याला बोटं लावून नमस्कार करत. घराण्याची रीत होती ती.

शेवटी त्यांनी ओसरीवर निकाल वाचून दाखवला. "गियरबॉक्स निरोगी आहे. दोष पोरीच्या पायात आहे. पाय अर्धवट उचलते."

"आबा, पूरा उचलते मी!"

"माझी तपासणी चुकली असेल," मानसिंगराव म्हणाले, "तर मलाच पागेत बांधा."

बकुळाबाईंनी हे वाक्य ऐकलं आणि मटार सोलत राहिल्या.

वेदिकाने आजोबांचा शब्द खरा मानला. रोज सकाळी गच्चीवर जाऊन ती डाव्या पायाच्या चवड्यावर वीट उचलायची. मानसिंगराव खालून चहा पीत ते बघायचे आणि समाधानाने मान डोलवायचे.

धारला शहराबाहेरच्या मैदानात सगळे हौशी गडी जमले होते. मोहित्यांचं सगळं घर पुऱ्यांचा डबा घेऊन आलं होतं. प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. धूळ बसावी म्हणून, दर शर्यतीला मारतात तसं, टँकरने ट्रॅकवर पाणी मारलं आणि चिखल झाला. पहिल्या फेरीत वेदिका तिसऱ्या वळणापर्यंत पुढे होती. मग गियर सटकला, पुन्हा सटकला, आणि शेवटचा गडीसुद्धा तिला मागे टाकून गेला. हेल्मेट काढलं तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"आबा, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझा पायच खराब आहे."

अभिषेक गाडी टेम्पोत चढवायला माणूस बोलवायला गेले.

मानसिंगराव गाडीजवळ उकिडवे बसले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी गियरची दांडी हाताने वर उचलली. ती अर्ध्यातच अडली. पुन्हा उचलली, पुन्हा अडली. स्टँडवर तर कधी अडली नव्हती! त्यांनी चष्मा पुसला. दांडीच्या सांध्यावर दसऱ्याचा नाडा चिखलपाणी पिऊन अंगठ्याएवढा फुगला होता. सांधा पुरता हलतच नव्हता, म्हणून गियर अर्धाच बसायचा आणि जोर येताच सुटायचा. घरी नाडा कोरडा असायचा, बारीक व्हायचा, आणि आजोबा त्याला नमस्कार करून आतलं सगळं उघडायचे.

मानसिंगरावांनी आधी आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं. खिशातलं पातं त्यांनी काढलं. झटकन कापावा, गाडी चिखलाने अडली होती म्हणावं, झालं! पण तेवढ्यात त्यांना गच्चीवरची वीट आठवली. पोर महिनाभर पायाने वीट उचलत होती आणि आपण चहा पीत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पातं हातातच राहिलं.

"अभिषेक, थांब! गाडी चढवू नको!" ते ओरडले. आजूबाजूचे दोन-तीन संघही वळून बघू लागले. "पोरीचा पाय ठणठणीत आहे. चूक माझी आहे. हा नाडा मी बांधलाय."

सगळे वाकून बघू लागले. इंदूरचा एक गडी म्हणाला, "भिया, गजब! पूजा-पाठ ने ही पटक दिया."

"कापायचा नसतो ना तो?" बकुळाबाईंनी विचारलं.

"घोडा लंगडला असता तर पणजोबांनीही कापला असता," मानसिंगराव म्हणाले आणि त्यांनी पातं चालवलं. मग वेदिकाकडे वळून, लोकांदेखत, म्हणाले, "बाळा, माफ कर मला."

दुसऱ्या फेरीत वेदिका चौथी आली. पण दुसरा गियर एकदाही सुटला नाही, आणि शेवटच्या वळणावर दोरीला लटकून "सेकंड में रख! खेच, खेच!" असं घसा फोडून ओरडणारा माणूस होता विमा कचेरीतला अभिषेक. गाडी घरी न्यायची की नाही, हा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना बकुळाबाईंनी पुऱ्यांचा डबा बंद केला, पिशवीतून दसऱ्याचा उरलेला लाल रेशमी नाडा काढला आणि मानसिंगरावांसमोर बसल्या.

"डावा पाय पुढे करा."

"अहो, हे काय?"

"पागेत बांधा म्हणाला होतात. पागा कुठून आणू?" त्यांनी घोट्यावर पक्की गाठ मारली. "आणि आपोआप गळेपर्यंत कापायचा नाही."

मानसिंगरावांनी नातीकडे आशेने पाहिलं. वेदिकाने वाकून त्यांच्या नाड्याला बोटं लावली आणि नमस्कार केला.