रामाजीची मूठ

प्रताप नगरची काळी माती मोठी लहरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी तडकते, आणि तिच्यावर नुसती गिट्टी-डांबर ओतून जो रस्ता करेल त्याचं दोन वर्षांत हसं होतं. म्हणून चौऱ्याहत्तर साली नव्या वस्तीचा रस्ता करताना आधी तिच्यात चुना कालवायचं ठरलं. माती खणायची, चुन्याची भुकटी मिसळायची, पाणी मारून दोन दिवस मुरू द्यायची, मग पुन्हा हलकं पाणी देऊन रोलर फिरवायचा. सगळं गणित या शेवटच्या पाण्यावर. कमी पडलं तर माती दबत नाही, जास्त झालं तर रोलरखाली लिबलिबते.

हे पाणी किती, ते रामाजी लांजेवार सांगायचा. रामटेकजवळच्या खेड्यातून आलेला, पन्नाशीचा, अक्षराशी वैर असलेला माणूस. मूठभर माती घ्यायचा, आवळायचा, बोटांत फिरवायचा आणि 'चालवा' किंवा 'थांबा' म्हणायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातली तपासणी यायची ती त्याच्याच बाजूनं. ओव्हरसियर दत्तोपंत तर "रामाजी आहे तोवर मला झोप लागते," असं चारचौघांत सांगत.

आता खरी गोष्ट. रामाजीच्या दोन्ही हातांना काही कळेनासं झालं होतं. दहा वर्षं उघड्या हातांनी चुना पसरलेला. कातडी सोलली, पुन्हा आली, पुन्हा सोलली. शेवटी आली ती जाड आणि बधिर. एका सकाळी त्यानं माती आवळली आणि ती ओली की कोरडी हेच त्याला उमगेना. रोजच्या हजेरीवरचा माणूस तो. मूठ गेली तर उद्या कोण विचारतो?

बायको रुख्मिणी त्याच कामावर पाणी वाहायची. तिनं नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं. डोक्यावरची बादली उतरवता उतरवता तिनं मातीत हात घातला आणि मोठ्यानं म्हणाली, "आज भाकर लयच कोरडी झाली जी!"

रामाजीच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं ऐटीत हुकूम सोडला, "अजून पानी मारा गा!"

तेव्हापासून आठ महिने हेच चाललं. माती कोरडी असली की भाकर कोरडी, जास्त भिजली की वरण पातळ, आणि नेमकी असली की "चला, जेवाले बसा." मजुरांना वाटायचं, या बाईला खाण्यापलीकडे काही सुचतच नाही. तिची टर उडवायचे. ती उडवू द्यायची. घरी रामाजी काही बोलू गेला की म्हणायची, "चूप राहा जी. हात कोनाचा हाये ते मातीले काय करायचं?" पण आपल्यापायी ही चारचौघांत हावरट ठरली, हे तो एक दिवसही विसरला नाही.

मग दत्तोपंतांनी वर खटपट करून रामाजीला कायम करायचं पत्र आणलं. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात कारकून गिरिधरनं फॉर्म पुढे केला, शाईचा पॅड उघडला. रामाजीनं अंगठा टेकवला. कागदावर नुसता गुळगुळीत जांभळा डाग. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"याच्या अंगठ्याला रेघच नाही हो," गिरिधर म्हणाला.

दत्तोपंतांनी रामाजीचा हात उलटा केला आणि तळव्यावर नख दाबून पाहिलं. रामाजी हूं की चूं करीना.

"रामाजी, या हाताला काही कळतं का?"

रुख्मिणी दारात उभी होती. तिनं डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. अंगठ्याऐवजी साक्षीदाराची सही घेऊन टाकू, असं गिरिधर म्हणतही होता. एका होकारात जन्माचं कल्याण होतं. पण रामाजीनं तिच्याकडे पाहिलं मात्र, आठ महिन्यांची ती टर त्याच्या कानात घुमली.

"नाई जी सायेब," तो म्हणाला. "माहा हात तं कवाचा मेला. माती हे माही बायको पाहते, मी हिचं आयकून सांगतो. मले काढाचं तं काढा, पन हे कायमचं माह्या नावानं नोका लिहू."

रुख्मिणीनं कपाळावर हात मारून घेतला. "हे काय करून राहिले जी तुमी!"

दत्तोपंत भडकले. आठ महिने आपण फसलो, हे कुणाला गोड लागतं? ते दोघांना घेऊन बाहेर आले. तीन जागची माती उचलून त्यांनी रुख्मिणीच्या हातावर ठेवली. भाकर नाही, वरण नाही, तिनं सरळ सांगितलं, "हे कोरडी. हे लय ओली. हे बरोबर." दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. तिन्ही अचूक. कागद वाचता वाचता दत्तोपंतांना हसू फुटलं, आणि त्या हसण्यात त्यांचा राग वाहून गेला.

वरच्यांना पटवायला त्यांना तीन महिने लागले. बाईमाणूस आणि कायम, हे कुणाच्या गळी उतरेना. दत्तोपंतांनी तपासणीचे जुने कागद पुढे टाकले आणि जागचे हलले नाहीत. तोवर रामाजीला त्यांनी चुन्याच्या गोदामावर राखणीला बसवलं, कामावरून काढलं नाही. त्यांचं नाव घेताना रामाजी पुढे जन्मभर कानाला हात लावायचा.

नवा फॉर्म आला. रुख्मिणीचा अंगठा पहिल्याच झटक्यात उठला, रेघ न् रेघ. गिरिधरनं नाव वाचून दाखवलं, "रुख्मिणी रामाजी लांजेवार."

"पुन्हा वाचा जी," रामाजी म्हणाला.

गिरिधरनं पुन्हा वाचलं.

"आता बरोबर लागलं. तिचं नाव पुढं, माहं मांगं." एवढं बोलून रामाजीनं भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, बायकोला हात जोडले.