लाईट गेली नव्हती

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात कुणाला जुनी मेल हवी असली, की तो सरळ उज्ज्वलाताईंच्या टेबलाशी यायचा. परदेशी व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी, प्रयोगशाळेचे अहवाल, सगळं त्यांच्याच कॉम्प्युटरवर साठलेलं. "ताईंना विचार," हे तिथलं नेहमीचं वाक्य. त्या वाक्यावर उज्ज्वलाताई जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

मग कळवणची निकिता नोकरीला लागली. महिन्याभरात लोक निम्म्या गोष्टी तिलाच विचारू लागले. पोरगी हसतमुख, कामाला चोख. नाव ठेवायला जागा नाही, आणि ताईंना तेच सलायचं. नाशिक रोडला घरी पोळ्या लाटतानाही त्या नवऱ्याला निकिताचंच सांगत बसत, आणि चांगलं काही सांगत नसत.

ऐन हंगामात एका सकाळी मेल उघडेना. फाइल खराब झाली आहे, एवढंच स्क्रीनवर येत होतं. कंटेनर बंदरात अडकलेला, आणि त्याचा अहवाल नेमका त्याच फाइलमध्ये. ताईंनी कॉम्प्युटर बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. मालक दीपकशेठ मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "निकिता, तू बघ गं जरा."

आपल्या खुर्चीत तिला बसलेलं बघून ताईंचे कान तापले. निकितानं थोडी खटपट केली, फाइल दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लावला आणि डबा घेऊन उठली. "ताई, याला वेळ लागेल. मी जेवून येते. तेवढा बंद होऊ देऊ नका हं."

स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ताई तिच्याकडे बघत राहिल्या. ही पट्टी भरली, की उद्यापासून आपल्याला कोण विचारणार? त्यांचा हात टेबलाखाली गेला. बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली.

निकिता परतली. तिनं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे. तेवढ्यात शेठ आले. "काय झालं?"

"लाईट गेली होती, शेठ," निकिता म्हणाली. "काळजी नको, मी आधीच फाइलची कॉपी काढून ठेवलीय. तिच्यावर परत लावते."

संध्याकाळपर्यंत मेल परत आल्या. काहींचे फोल्डर विस्कटले होते, पण अहवाल मिळाला. शेठनी सगळ्यांना चहा मागवला आणि निकिताचं तोंड भरून कौतुक केलं. तेही ताईंनी कसंबसं गिळलं असतं. पण ते लाईटचं वाक्य काही घशाखाली उतरेना. कामही हिचं, खुर्चीही हिची, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच? आपण काय जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं?

"लाईट गेली नव्हती," ताई म्हणाल्या. "मी बंद केला."

"का हो, ताई?" शेठनी विचारलं. आवाजात राग नव्हता. निकिता कपातल्या चहाकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात मेलचं काम निकिताच्या टेबलावर गेलं. ताईंकडे मालाच्या गाड्यांचे फोन घ्यायचं काम आलं. दुपारी निकिता अजूनही डबा घेऊन त्यांच्याच शेजारी बसते, न विचारता भाजी वाढते. भाजी झकास असते. त्याचाही ताईंना राग येतो.