गजर मावशींनी उशिरा उठवलेली माणसं

आमच्या प्रयोगशाळेत गजराचं घड्याळ नव्हतं, मावशी होत्या. सकाळी सहाला सहा खोल्यांतल्या स्वयंसेवकांना उठवायचं, चहा-टोस्ट द्यायचा, चादरी बदलायच्या, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना 'गजर मावशी' म्हणायचो. आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते त्यांच्यामुळे, हे मला कबूल करायचंय.

विषय हँगओव्हरचा. घरी सांगायची चोरी. आई नातेवाइकांना 'झोपेवर काहीतरी करते' एवढंच सांगायची. प्रयोग मात्र मी देखणा आखला होता. रात्री निम्म्यांना दारू, निम्म्यांना सरबत, फक्त ग्लासाच्या काठाला दारूचा वास. कोण काय प्यालं हे सकाळी कुणालाच ठाऊक नाही. मग आठला मी आले की चाचणी: समोर दिवा लागला की त्यांनी बटण दाबायचं आणि कोण किती रेंगाळतं ते मी मोजायचं.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "लोक एरवी पितात तसे पिऊ देत, दुसऱ्या दिवशी तपास. तीच माणसं न पिता झोपली की पुन्हा तपास." मी नाक मुरडलं. किती प्याले ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं? माझ्या शिस्तीत ते बसेना.

चार महिन्यांनी आकडे आले. फरक शून्य. रात्री पिऊन सकाळी कामाला गेलं तरी काही बिघडत नाही, असं मी लिहूनही काढलं. सोमवारी समितीपुढे मांडलं की पदवी खिशात. शुक्रवारी मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा हौसेने त्यांना वाचून दाखवलं.

कप हातात धरून त्या उभ्याच राहिल्या. "ताई, हे छापू नका."

"का?"

"प्यालेल्यांना मी उशिरा उठवते. आधी बाकीच्यांचा चहा उरकते. यांना आणखी तासभर झोपू देते."

"पण कोण प्यालंय हे तुम्हाला कसं कळतं?"

"बावीस वर्षं संसार करतेय. दार उघडलं की श्वासावरून कळतं."

"आणि वहीत सगळ्यांपुढे सहा लिहिलेत!"

"तुम्ही सहाच लिहायला सांगितलं होतं ना."

माझं डोकंच फिरलं. चार महिने पाण्यात! मी नको नको ते बोलले. नोकरीवर गदा येणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी कप टेबलावर ठेवला.

मग म्हणाल्या, "आमचे हे छापखान्यात होते, कागद कापायच्या मशीनवर. एकदा रात्री बरीच झाली होती. सकाळी 'जरा पडू दे' म्हणाले. खाडा नको म्हणून मीच हलवून हलवून उठवलं. त्या दिवशी उजव्या हाताची चार बोटं गेली. तेव्हापासून प्यालेलं माणूस झोपलेलं दिसलं की माझा हात पुढे होत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी समितीपुढे मी निष्कर्षाऐवजी चूक मांडली, आणि ती माझी म्हणूनच मांडली. उठवणारी बाईसुद्धा माणूस असते हे माझ्या देखण्या प्रयोगात कुठेच नव्हतं.

आणखी एक वर्ष गेलं. या वेळी सरांची पद्धत. माणसं आपल्या घरी, आपल्या सवयीने प्यालेली. उठवायला मात्र मावशींचाच फोन, सगळ्यांना ठीक सहाला. आधी त्या तयारच होईनात. सुट्टीचा दिवस आहे, कुणालाही मशीनवर जायचं नाही, फक्त घरी दिलेलं बटण दाबायचंय, असं शंभरदा सांगितलं तेव्हा कुठे हो म्हणाल्या.

फरक निघाला. मावशींनी आलेख निरखून पाहिला. "एवढीशी रेघ? किती वेळ होतो हा?"

मी टेबलावर बोट टेकवून उचललं. "एवढाच."

"तेवढाच लागतो," त्या म्हणाल्या.

त्या वेळी गप्प बसल्या असत्या तर माझ्या नावावर एक धडधडीत खोटं छापलं गेलं असतं आणि कुणीतरी त्याच्या भरवशावर मशीनपुढे उभं राहिलं असतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. प्रबंधाची पहिली प्रत मी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती चादरीच्या घडीत नीट ठेवली.

"ह्यांना दाखवते," म्हणाल्या. "पानं उलटायला डावा हात आहे."