जयाच्या मनात काय आहे

यवतमाळला नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला, तेव्हा जयाला इतका आनंद झाला की ती घाबरली. आनंदाला घाबरणारी माणसं जगात फार नसतील, पण जयाला तसंच शिकवलेलं होतं. ती महागावजवळच्या तांड्यातली पोरगी. आई बसंतीबाईचं जुनं पोटाचं दुखणं प्रार्थनेनं गेलं, तेव्हापासून घर येशूच्या विश्वासात आलेलं, आणि दर रविवारी मायलेकी ढाणकीच्या मंडळीत जाऊन बसत. तिथले पास्टर इंद्रजित सांगायचे की आपली इच्छा म्हणजे देह. ती आधी मारायची, आणि मारून जे उरेल ते देवाचं.

बापाला, खेमसिंगला, ह्या भानगडी कळत नव्हत्या. तो म्हणाला, "नंबर लागला ना? मंग जाय ना वं. देवाले कायले मधात घेतं?"

पण जयाने शुक्रवारचा उपास धरला आणि देवाची इच्छा विचारायला ढाणकी गाठली. नेमका त्याच आठवड्यात पास्टरच्या आईला लकवा मारला होता. म्हातारीची डावी बाजू पार गेलेली, कुशीवर वळवायलाही माणूस लागायचं. पास्टरांच्या बायकोची, साधनाबाईंची, कंबर दुखत होती. ती पूर्वीपासूनच, काम दिसलं की दुखायची.

पास्टरांनी जयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. एरवी हा माणूस चारचौघांसारखाच बोलायचा, "चहा ठेव वं" नाहीतर "गाडी काहून चालू होऊन नाई राह्यली?" पण त्याच्या तोंडून देव बोलायला लागला की भाषा एकदम पुस्तकी व्हायची. "जया बेटा, प्रभू म्हणतो, मी तुला सेवेसाठी वेगळं केलं आहे. रुग्णांची सेवाच तुला करायची आहे ना? मग रुग्ण तर तुझ्यासमोर आहे."

"पण मले आतून बरं नाई वाटून राह्यलं, पास्टर."

"तो सैतान आहे, बेटा. देवाचं काम सुरू झालं की तो माणसाला बेचैन करतो."

जया राहिली. प्रार्थनेच्या हॉलमागे म्हातारीची खोली होती, तिथेच खाली अंथरूण टाकून ती निजायची. म्हातारीला पुसायचं, भरवायचं, पलंगाखालचं भांडं धुवायचं. कोर्सची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

दोनेक वर्षांनी बबलूचं स्थळ आलं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, विश्वासी घरचा, निर्व्यसनी, आणि जयाला तो मनापासून आवडला. ह्या वेळी आत बेचैनी नव्हती, उलट फार शांत वाटत होतं. हीच देवाची खूण समजून ती मोठ्या आशेने पास्टरांना सांगायला गेली. पास्टर म्हणाले, "शांती देहाचीही असते. सांभाळ." म्हणजे बेचैन वाटलं तर सैतान आणि शांत वाटलं तर देह! देवाने बिचाऱ्याने बोलायचं तरी कुठून? असली चीड जयाला आली असती तर बरं झालं असतं. तिने बबलूला नकार कळवला, आणि रडून रडून तीही इच्छा मारली.

घरात एकटी म्हातारी खरं बोलली. तिची जीभ जड झालेली, तरी एका दुपारी जयाचा हात धरून म्हणाली, "पळ वं पोरी. माह्या पोराले देव त्याच्या सोयीनंच दिसते. लहानपनापासून तसाच हाय थो." जयाने हात सोडवून घेतला आणि म्हातारीचा अविश्वास दूर व्हावा म्हणून तिच्यासमोरच गुडघे टेकले. म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

पुढे बसंतीबाई आजारी पडली. म्हातारीला सोडून जायला देवाची परवानगी मिळाली नाही, म्हणून लेक आईच्या मातीलाच तेवढी पोचली. खेमसिंग त्या दिवसापासून तिच्याशी बोलला नाही.

मग पास्टरांची लेक बारावी झाली आणि तिला नागपूरला नर्सिंगला घातलं. उपास नाही, प्रार्थना नाही, डोक्यावर हात नाही. "हुशार हाय पोट्टी, शिकू द्या," एवढंच, साध्या वऱ्हाडीत. तिच्या प्रवासासाठी पुऱ्या जयाने तळल्या.

म्हातारी मेली तेव्हा जया पस्तिशीला आली होती. माती होऊन आठवडाही उलटला नसेल, तर साधनाबाई म्हणाल्या, "खोली रंगवाची हाय, जया. तुह्यं सामान काढून घेशील." जया पास्टरांकडे गेली. "पास्टर, आता माह्याबद्दल देवाची काय इच्छा हाय?"

पास्टर मोबाइल पाहत होते. "आता तू मोकळी आहेस, बेटा. तुझ्या मनात काय आहे ते सांग. तेच देवाचं समज."

जयाने मनात पाहिलं. नर्सिंग आठवलं, पण ते कुणा दुसऱ्याच पोरीचं असल्यासारखं. बबलूचा चेहरा नीट आठवेना. तांड्यावर जावंसं वाटेना आणि इथे राहावंसंही वाटेना. निदान रडू तरी येईल म्हणून ती थांबली, पण तेही आलं नाही. मग मात्र ती घाबरली.

"पास्टर," ती म्हणाली, "मनात काहीच नाई हाय."

पास्टरांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. "हल्लेलूया!" ते म्हणाले, आणि त्या रविवारी तिला सगळ्या मंडळीपुढे उभं केलं. "पाहा ही बहीण! हिची स्वतःची इच्छा पूर्ण मेली आहे. आपल्यापैकी किती जणांना हे जमलं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय करावं ते न सुचून जयाही वाजवू लागली.