गल्लीच्या तोंडचा पंच

"मी सही नाही केली तं दुसरा करन, बाई. पोट्टं तं जातेच."

तुलारामजी हे १९७४ साली रुखमाला म्हणाले होते. तिच्या तेरा वर्षांच्या सुखरामला मोहाच्या दारूसकट पकडलं होतं आणि पंचनाम्यावर पंच म्हणून तुलारामजींची सही हवी होती. रुखमाने त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि सही केली. सुखराम नागपूरच्या रिमांड होममध्ये गेला.

पवनीच्या परकोटाला लागून विणकरांची ही गल्ली. माग बंद पडले तेव्हा पुरुष भात गिरणीवर हमालीला लागले, नाहीतर नागपूरला गेले. बाया विडीच्या सुपापुढे बसल्या. मागावर बसून पाय सोडायला घरोघरी जमिनीत खणलेले खड्डे रिकामे झाले. त्यांत आधी कोंबड्या बसल्या. मग दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा भरलेली मडकी आली.

मुलांचं काम आठव्या वर्षी सुरू होई. पोलीस दिसला की शिट्टी. दहाव्या वर्षी दारू भरलेली सायकलची ट्यूब पोटाला बांधायची, वरून सदरा घालायचा आणि नदीपलीकडे पोचवायची. शाळा लांब नव्हती. पण मास्तर हजेरीत या गल्लीची नावं शेवटी घेत. पुढे पुढे घेईनासेच झाले.

तुलारामजींनी माग विकून गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. सही करता येणारे आणखीही होते, पण दारू न पिणारे ते एकटे. म्हणून जमादार लक्ष्मणराव दर वेळी त्यांच्याच बाकावर कागद पसरत. लोक त्यांना मजिस्ट्रेट म्हणून चिडवत. सुखरामनंतरच्या नऊ वर्षांत पंचनाम्यांतली नावं बदलत गेली, पत्ता तोच राहिला. सुखराम सुटून आला आणि स्वतःच दारू गाळू लागला. जुन्या ट्यूबाही त्यांच्याच दुकानातून जात. कोण कशाला नेतो, हे ते विचारत नसत. पंक्चर काढून द्यायचे. त्यांचं ठिगळ चौकोनी, पण चारही कोपरे गोल कापलेले. टोक राहिलं की तिथूनच उचलते, म्हणायचे.

विधवा मुलगी शकुनबाई आणि तिचा डोमा त्यांच्याकडेच राहत. डोमाला ते शाळा सुटल्यावर दुकानात बसवून ठेवत. एकदा त्याने नुसती गंमत म्हणून शिट्टी वाजवली, तर पंपाच्या नळीने मारलं होतं. सातवीची परीक्षा झाली की त्याला आसगावला आपल्या भावाकडे पाठवायचं, हे ठरलेलं होतं.

परीक्षेला दोन महिने असताना, भरदुपारी, लक्ष्मणराव डोमाचं मनगट धरून दुकानात आले. डोमाचा सदरा वर गुंडाळलेला होता. पोटावर ट्यूब होती.

"आडनाव वेगळं आहे, म्हनून तुमची सही चालते," लक्ष्मणराव कागद काढत म्हणाले. "नातू असला तरी."

"कोनाची दारू आहे बे?" तुलारामजींनी डोमाला विचारलं.

"सुखरामभाऊची," डोमा म्हणाला. "तो म्हने, तुह्यावर कोनाले शक येनार नाही. तू तं पंचाचा नातू."

लक्ष्मणराव लिहू लागले. रबरी ट्यूब एक, ठिगळ लावलेली. तुलारामजींनी ट्यूब हातात घेतली. ठिगळाचे कोपरे गोल होते. कुठूनही उचललं नव्हतं.

"हे ठिगळ माह्यं आहे, जमादार. माह्यं नाव लिहा. पोट्ट्याले सोडा."

"ठिगळ लावनं गुन्हा नाही, बुवा. दारू त्याच्या पोटावर होती. तुमचं नाव घातलं तं तुमीही आत, तोही आत. मंग शकुनबाईनं कोनाकडे पाहावं? करा सही."

"नाही करत."

लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही. समोरच्या पानठेल्याकडे तोंड करून हाक मारली, "धनीराम! सही येते ना तुले? ये जरा."

धनीराम हात पुसत आला. "काहून, आमचे मजिस्ट्रेट साहेब बिमार आहेत का आज?" म्हणाला. मग त्याला डोमा दिसला. त्याने मान खाली घातली, बाकावर वाकून आपलं नाव लिहिलं आणि पेन परत दिलं.

"आबाजी," डोमा म्हणाला, "माह्यं दप्तर शाळेतच आहे."

दाराशी जमलेल्या बायांत रुखमा उभी होती. तुलारामजींनी ट्यूब बाकावर ठेवली. रुखमा वाट देत बाजूला सरकली. दुकान तसंच उघडं टाकून ते तिच्यासमोरून बाहेर पडले आणि डोमाचं दप्तर आणायला शाळेकडे निघाले.